मडक्यावरचा अंगठा

बोळा फिरवला तसा मडक्याचा रंग कापसावर आला आणि खालून पांढरं प्लास्टर दिसलं.

संग्रहालयाच्या दुरुस्तीखोलीत तेवीस वर्षं ती फुटकी खापरं जोडत होती. भाजलेली माती अशी रंग सोडत नाही. आणि सोडला तो नेमका कुठे, तर अंगठ्यापाशी!

सात हजार वर्षांपूर्वी कुणा कुंभारानं ओल्या काठावर दाबलेला अंगठा. लोक तिकीट काढायचे ते त्याच्यासाठीच. मडक्याकडे कोण बघतंय? तिचं लग्न मोडलं तेव्हा, आई गेली तेव्हा, तीही त्या काचेसमोर उभी राहिली होती. इतक्या आधीही कुणीतरी होतं, एवढ्यावर तिनं दिवस काढले होते.

भिंग लावून तिनं पाहिलं. ठशावरून एक तिरकी रेघ गेली होती. ती रेघ तिनं लहानपणी बोट फिरवून फिरवून पाठ केली होती. तरुणपणी काच लागून बाबांचा अंगठा कापला होता, त्याचाच तो व्रण.

याच बाकावर तिच्याआधी बाबा बसायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. भर घातलेला भाग मूळ मातीपेक्षा फिका ठेवायचा, हा धंद्याचा नियम त्यांनीच तिला शिकवला होता. "ठिगळ ठिगळासारखं दिसलं पाहिजे पोरी. नाहीतर ती चोरी."

तिनं सांगितलं तसं संग्रहालयाच्या साहेबांनी दार लावून घेतलं. "ताई, हे बाहेर गेलं तर आपल्याकडे बघायला उरतं काय? जिना?"

"मडकं खरं आहे साहेब."

"मडकी सगळ्यांकडे असतात. रंग द्या परत. वडिलांचा हात आहे तुमच्या हातात."

"तोच तर घोळ झालाय," ती म्हणाली.

संध्याकाळी ती अंगठ्याचा फोटो घेऊन घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते. हल्ली तिचं नावही त्यांना आठवायचं नाही, पण मडकं आठवायचं.

"बाबा, हा अंगठा कुणाचा?"

"कुंभाराचा. एवढंही ठाऊक नाही?"

"तुम्ही भर घातलीत ना तिथे?"

"मी?" ते ताडकन ताठ झाले. "घातली असती तर फिकी दिसली नसती का? मी काय चोर आहे?"

त्यांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला, मग स्वतःचा अंगठा त्याच्याशेजारी धरला. चेहरा एकदम उजळला.

"अगं, हे बघ! त्यालाही माझ्यासारखंच लागलं होतं. बिचारा."

त्यांनी फोटो उशाशी ठेवून घेतला.

सकाळी तिनं अहवालात लिहिलं: अंगठा अलीकडचा, दुरुस्ती करणाऱ्याचा. खाली बाबांचं नाव घातलं. साहेबांनी वाचून सही केली. आठवड्याभरात मडकं तळघरात गेलं, बाकीच्या मडक्यांत. काचेच्या कपाटाच्या जागी पाण्याचा फिल्टर बसवायचं ठरलं.

बाबा मात्र रोज संध्याकाळी विचारतात, "आज होती का गर्दी? माझ्या कुंभारापाशी?"

"होती ना," चपला काढता काढता ती म्हणते. "उभं राहायला जागा नव्हती."