सबनीस चहा पाजत नाही

मी एक कादंबरी बोलतेय. अकोल्यात, खुशालरावांच्या फळीवर, पंचांग आणि तेलाचा डबा यांच्या मधे बसून. बोलतेय म्हणजे चिडून बोलतेय.

माझा नायक सबनीस, पक्का माणूसघाणा. पाहुणा दिसला की आतून कडी लावतो. शेजारी कुणी हसलं की खिडकी आपटतो. अमरावतीच्या छापखान्यात मला बांधलं, तेव्हा तिथले कारागीर म्हणे आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. गठ्ठ्याशेजारी ठेवलेली शेंदूरजनाघाटची संत्री जागच्या जागी आंबट झाली. थोडं वाढवून सांगते, पण थोडंच.

पहिला मालक योगेश, कॉलेजात शिकवणारा. "डोकं उठवलं या सबनीसानं," म्हणत त्याने मला अर्ध्यात सोडलं आणि रद्दीत घातलं. तिथून खुशालरावांनी मला उचललं ते बायकोसाठी. मैनाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायला मनाई. दुपारी हे मोठ्याने वाचणार, त्या डोळे मिटून ऐकणार. मला वाटलं, आता कुणीतरी मला शेवटच्या पानापर्यंत नेणार!

तिसऱ्याच पानावर सबनीसाचा मावसभाऊ परतवाड्याहून येतो आणि सबनीस त्याला दारातूनच हाकलतो. तिथे खुशालराव अडले.

"थांबले काहून? वाचा ना," मैनाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कडी लावली होती. मग खाकरून वाचते झाले, "सबनीस म्हणाला, या भाऊ, बसा. च्या मांडतो."

अहो, कुठे लिहिलंय? कोणत्या ओळीत?

आलेल्या माणसाला तसंच परत पाठवणं त्यांच्या वऱ्हाडी जिभेला जमेना. मग काय, सबनीस लग्नात पंगती वाढू लागला, आजाऱ्यांना डबे पोचवू लागला. शेजारच्या अकीलाबी ऐकायला येऊन बसू लागल्या.

"लय मोठ्या दिलाचा आदमी हाये हो. आमच्या यास्मीनले असाच नवरा पाह्यजे."

हे सबनीसाच्या कानी जातं तर त्याने पानातून उठून जीव दिला असता.

माझी सगळी भिस्त मैनाबाईंच्या चष्म्यावर. एकदाचा तो आला. खुशालराव बाजारात गेलेले पाहून त्यांनी मला स्वतः उघडलं. कपाळाला आठ्या, पण वाचत गेल्या. सबनीस सख्ख्या आईच्या तेराव्याला जात नाही, तिथवर! माझं बांधणीचं सूत नुसतं थरथरत होतं.

तेवढ्यात खुशालराव आले. मैनाबाईंनी मला मिटलं.

"काहून? दिसून नाही राहिलं काय?"

"दिसते ना चांगलं. पन तुमीच वाचा. या लिहिनाऱ्याले सबनीस समजलाच नाई."

तर वाचकहो, अकोल्याला आलात तर मला फळीवरून काढा. सबनीसाला शिव्या घाला, त्याचा तिटकारा करा. पण त्याचाच करा. शेवटच्या पानावर तो अजून एकटाच बसलाय. तिथवर या, आणि त्याला मनापासून नापसंत करा.