चहातली गोळी

गोळी म्हटली की विठ्ठलरावांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. म्हणून गेल्या वर्षी दमा उठला आणि वणीच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, तेव्हा शकुबाईंनी नवऱ्याशी वादच घातला नाही. गोळी कुटून चहात टाकली, साखर चमचाभर जास्त घातली. चौथ्या दिवशी माणूस बैल घेऊन पाण्यावर गेला. असा गुण आल्यावर औषध बंद करणं कोणत्या बाईच्या जिवावर येणार नाही? रिकामं पाकीट दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत राहिल्या, चांगले आठ महिने. नवऱ्याचा चेहरा गुबगुबीत झाला, तेव्हा मनातून सुखावल्याही.

दिवाळीनंतर सोयाबीनचं भिजलेलं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पलटवायचं निघालं. ढिगाच्या पोटात बुरशी धरली होती. फावडं लागलं की हिरवट धूर उठे. दोघांनी मिळून ढीग उपसला, दोघंही सारखेच खोकले. शकुबाईंचा खोकला दुसऱ्या दिवशी गेला. विठ्ठलरावांचा तिसऱ्या आठवड्यात रक्त घेऊन आला.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर आभांनी विचारलं, दम्याची काही गोळी चालू आहे का? विठ्ठलराव ठासून म्हणाले, गोळीला आपण हात लावत नाही. सून दिपाली शेजारीच उभी. तिच्यादेखत कसं सांगायचं, म्हणून शकुबाई पदर सावरत गप्प राहिल्या. ही चूक पहिलीपेक्षा मोठी. निमोनिया समजून पाच दिवस इलाज चालला, आणि थर्मासमधल्या चहात गोळी पडतच राहिली.

सहाव्या दिवशी बेडक्यात बुरशी सापडली. डॉक्टर दिपालीला व्हरांड्यात समजावत होत्या.

"बुरशीचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. फुप्फुसातल्या राखणीच्या पेशी ते गिळून टाकतात. एखादा रुजलाच, तर रक्तातून दुसऱ्या पेशी धावून येतात. यांची राखण झोपली आहे. कशानं झोपली, तेच कळत नाही."

शकुबाईंनी कमरेच्या पिशवीतलं पाकीट काढून पुढे केलं. दिपाली सासूकडे बघतच राहिली.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या. या गोळीनं धाप बसते, पण राखणही बसते. बुरशीचं औषध आजच सुरू करू, मात्र उजवं फुप्फुस बरंच पोखरलंय, भरवसा देता येणार नाही.

"तोच धूर माह्याबी छातीत गेलता," शकुबाई म्हणाल्या.

"गेला असेल, आजी. तुमची राखण जागी होती."

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. इतके महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवता येत नाही, तसं केलं तरी माणूस दगावतो. कमी कमी करत, पण द्यायचीच.

डॉक्टरांनी ठरवून दिलेला तुकडा तळहातावर घेऊन त्या खाटेशी गेल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. विठ्ठलरावांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"चाय कडू लागे," ते म्हणाले. "मले मालूम होतं, तू काहीतरी टाकून राह्यली."

"मंग पेले काहून?"

"तू देत होती."

त्यांनी तोंड उघडलं. शकुबाईंचा हात काही पुढे होईना.