तलम रुमाल

"भाजलं तेव्हा ओरडली नाही एवढी आता नुसतं कापड लागलं की ओरडते," मालकीणबाईंनी इस्त्री आपटत थोरल्या लेकाला सुनावलं. "कातडी भरून आली, डागही फिकटला. आता हात नाही दुखत तुझ्या बायकोचा, काम दुखतंय!"

लाँड्री त्यांची, तिथला शेवटचा शब्दही त्यांचाच. थोरला शर्टाची कॉलर ताठ करत म्हणाला,

"आई, डॉक्टर म्हणाले, जखम भरली तरी नसा धास्तावलेल्या राहतात. चोर येऊन गेलेल्या घरातल्या कुत्र्यासारख्या. पान पडलं तरी भुंकतात."

"मग सोडून ये त्या कुत्र्याला माहेरी. संध्याकाळच्या गाडीनं."

आतल्या खोलीत सुनेनं ऐकलं. मुकाट्यानं पिशवी भरली आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून बसली. उजवा हात तेवढा अधांतरी, कशालाच न लागू देता. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

मालकीणबाई चोरपावलांनी आत आल्या. जागेपणी सोंग वठतं, झोपेत वठत नाही, हा त्यांचा हिशेब. गठ्ठ्यातला सगळ्यात तलम रुमाल त्यांनी निवडला, इस्त्रीची ऊब जाईपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि अलगद त्या हातावर सोडला.

सून झोपेतच कळवळली. हात पोटाशी ओढला गेला. जाग आली नाही, पण मिटल्या पापणीतून पाणी ओघळलं.

रुमाल उचलायला मालकीणबाई वाकल्या, तोच रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. त्या वाकलेल्या तशाच राहिल्या. मूठ छातीशी गेली. धाकटा सायकलवरून कपडे पोचवायला गेला आणि परतला नाही, त्याला वर्षं लोटली. ही घंटी परक्या कुणाची, हे त्यांना कळत होतं. तरी श्वास यायला वेळ लागला.

घंटी पुन्हा वाजली तशी सून दचकून उठली. डोळे पुरते उघडायच्या आत डाव्या हातानं तिनं रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. हे ती नेहमीच करायची. मालकीणबाई म्हणायच्या, बाईसाहेबांना धूळ सोसत नाही.

"दार का लावलंस गं?"

"घंटी वाजतेय ना, आई."

मालकीणबाई रुमाल उचलून त्याची घडी घालत राहिल्या. घडी काही बसेना.

"आगाऊ आहेस," त्या अखेर म्हणाल्या. "पिशवी आत ठेव. आणि दुखलं की मोठ्यानं ओरडत जा. मुकाट सोसायला या घरात मी एकटी पुरे आहे."