बिर्काच्या तोंडातला सांगावा

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा तुकडा आहे. लांबीला तुमच्या मधल्या बोटापेक्षा जरासा मोठा, जाडीला अंगठ्याएवढा, आणि एका टोकाला पितळी कडी. गेशेआजीच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. नवे पाहुणे मला हातात घेऊन उलटसुलट करतात. "हे काय, किल्लीला अडकवायचं आहे का?" असं विचारतात. गेशेआजी माझ्याकडे बघते आणि कॉफी ओतायला लागते.

या हीथच्या, म्हणजे खुरट्या झुडपांच्या माळरानाच्या, मुलखात मला ब्रिंग्झेल म्हणतात. तुम्ही मला सांगावा म्हणा, कारण माझं काम तेच होतं.

माझा जन्म याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला. गेशेचे वडील, हिनर्क लोमान, इथले वनपाल होते. त्यांची लिझे नावाची म्हातारी घोडी त्या हिवाळ्यात गेली होती. तिच्या खोगिराचा एक पट्टा त्यांनी कापला, दुमडला, आरीने भोकं पाडली आणि मेणाच्या दोऱ्याने मला शिवलं. शिवताना म्हणाले, "लिझेने जन्मभर नुसतं ओढलं. आता तिला थोडं बोलू दे."

बोलायचं होतं ते बिर्काच्या वतीने. बिर्का म्हणजे त्यांची ड्राटहार जातीची शिकारी कुत्री. तारेसारखे राठ केस, म्हाताऱ्या मास्तरासारखी दाढी, डोळ्यांवर आलेल्या झुपकेदार भुवया. या जातीच्या कुत्र्याला सगळंच यावं लागतं. शेतात तित्तिराचा वास आला की एक पाय उचलून तिथल्या तिथे थिजायचं. गोठायला आलेल्या तळ्यात उडी मारून बदक आणायचं. आणि जंगलात जखमी जनावराचा रक्तामागून माग काढायचा. जनावर जखमी करून तसंच सोडायचं नाही, हा इथल्या लोकांचा धर्म आहे. पण माग काढत कुत्री दाट झाडीत शिरली आणि तिला मेलेलं हरीण सापडलं, तर ती मालकाला सांगणार कसं? म्हणून मी. मी तिच्या गळपट्ट्याला लोंबत असे. हरीण सापडलं की तिने मान वळवायची, मला तोंडात धरायचं आणि मालकाकडे परत यायचं. मग मालकाने तिच्यामागून जायचं. मी गळ्यात लोंबत असलो की "अजून काही नाही". मी तोंडात असलो की "चला, सापडलं." मालकाने हाताने काढून घेईपर्यंत मला खाली टाकायचं नाही, हा तिच्या शिक्षणातला पहिला धडा.

बिर्का हुशार होती. मला तोंडात धरायला ती आठवड्यात शिकली. चूक झाली ती हिनर्ककडून, आणि तीही मायेने. बक्षीस द्यायचं ते हरणापाशी पोचल्यावर, असा नियम आहे. पण बिर्का मला तोंडात घेऊन, दाढीला चिखल माखून धावत आली की हिनर्कला राहवत नसे. ते तिथेच खिशातून कलेजीच्या सॉसेजचा तुकडा काढून तिला देत.

"बाबा, आत्ता नको," गेशे म्हणे. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आई गेल्यापासून घर आणि कुत्री दोन्ही तीच सांभाळत होती. "आधी हरीण, मग खाऊ."

"अगं, दमून आलीये पोर."

"तुम्ही तिला बिघडवताय."

"तुलाही बिघडवलंच की! काय वाईट झालं तुझं?"

वाईट झालं ते ऑक्टोबरमधल्या परीक्षेत. परीक्षकांनी जंगलात एक मेलेली हरणी लपवली होती. बिर्काला सोडलं. ती झाडीत शिरली, एका ओंडक्यामागे थांबली, मान वळवून तिने मला तोंडात घेतलं आणि पाच मिनिटांत परत आली. हिनर्कसमोर बसली आणि त्यांच्या खिशाकडे बघत राहिली. तीन परीक्षक तिच्यामागून गेले. तिने त्यांना ओंडक्याला दोन प्रदक्षिणा घालून परत आणलं. हरणी तिथून दोनशे पावलांवर होती.

मुख्य परीक्षकाने वहीत लिहिलं, 'खोटा सांगावा'. मोठ्याने म्हणाला, "लोमान, हिला पोट दिलंय देवाने, नाक द्यायचं राहिलं."

सगळे हसले. सर्वांत जोराने हसले लाकूडगिरणीचे मालक डेटमर. "कुत्री कसली, वकील आहे ती! फी घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही."

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या तोंडातच होतो. तिने खोटेपणा केला नव्हता. चामडं आणलं की सॉसेज मिळतं, हेच तर तिला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिनर्कनी गेशेला बजावलं, "आता सॉसेज बंद. उगाच सांगावा घेऊन आली तर पाठ फिरवायची. तिच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. पुन्हा आली, पुन्हा पाठ. तरीही आली तर बांधून टाकायची. जड जाईल, पण तू मऊ पडू नकोस. एका घरात एक मऊ माणूस पुरे."

तीन आठवडे दोघांनी नियम पाळला. बिर्का सुधारत होती. नंतर नंतर तर तिने एकदाही मला उगाच उचललं नाही. पण खोटारडी हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

नोव्हेंबरमधली ती दुपार. पाऊस बारीक होता, वारा मात्र पाइनची झाडं वाकवत होता. डेटमरनी रानडुकरावर गोळी झाडली होती आणि ती नीट लागली नव्हती. डुक्कर रक्त सांडत दलदलीकडच्या झाडीत गेलं. मागावर एकच माणूस आणि एकच कुत्री जाते, म्हणून गेशे आणि डेटमर रस्त्यावर गाडीपाशी थांबले. हिनर्कनी बिर्काच्या गळ्यात मला अडकवलं आणि निघाले.

शेवटच्या टप्प्यावर त्यांनी तिची दोरी सोडली. ती पुढे गेली. डुकराने तिला जाऊ दिलं आणि नेच्यांतून बाजूने येऊन हिनर्कच्या मांडीत सुळा घातला. ते चरात पडले. बंदूक चिखलपाण्यात गेली. डुक्कर दहा पावलं जाऊन कोसळलं, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. हिनर्कनी कंबरेचा पट्टा मांडीला आवळला. शिकारीचं शिंग फुंकायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा बाहेर आली. हाक मारली, ती वाऱ्याने नेली. बिर्का त्यांचं तोंड चाटत होती. तेव्हा त्यांनी रक्ताने भरलेल्या हाताने मला धरलं आणि स्वतः तिच्या दातांत दिलं.

"जा बिर्का. गेशेला आण."

ती जशी धावली तशी कधीच धावली नव्हती. गाडीपाशी आली आणि शिकवल्याप्रमाणे गेशेसमोर बसली.

"आल्या बघा वकीलबाई!" डेटमर ओरडले. "अहो, निघून वीस मिनिटंसुद्धा झाली नाहीत. माझ्या डुकराचं काय केलंत?"

गेशेचे कान लाल झाले. डुक्कर सापडलं असतं तर बिर्का बाबांकडे गेली असती, असं तिला वाटलं, आणि बाबांचे शब्द आठवले. तिने पाठ फिरवली.

बिर्का उठली, वळसा घालून पुन्हा तिच्यासमोर बसली. गेशेने पुन्हा पाठ फिरवली. बिर्का पुन्हा समोर. त्या दोघींची ती फुगडी बघून डेटमर चाकाला धरून हसत होते. मी पावसाने काळा पडलो होतो. माझ्यावरचं रक्त दिसायला कुणी जवळून बघायला हवं होतं, आणि जवळून बघायचं नाही असाच नियम होता.

"बाबांनी सांगितलंय," गेशे पुटपुटली, "मऊ पडायचं नाही." तिने बिर्काचा गळपट्टा धरला आणि मान दुसरीकडे ठेवून तिला चाकाला बांधलं.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, ती भुंकली का नाही? भुंकायचं तर मला टाकावं लागलं असतं. मालकाने हात लावल्याशिवाय मला टाकायचं नाही, हे ती पिल्लू असल्यापासून शिकली होती. ती दोरी ताणून जंगलाकडे बघत थरथरत राहिली. तिचे दात माझ्यात रुतत गेले. एक तास. मी त्या तासातली प्रत्येक घटका तिच्या जिभेवर मोजली आणि मला काहीही करता आलं नाही. मी सांगावा होतो, पण बिनतोंडाचा.

उजेड उतरायला लागला तशी गेशे अस्वस्थ झाली. "बाबा एवढा वेळ लावत नाहीत," म्हणाली. दोरी सोडायला ती वाकली. बिर्काच्या तोंडात मी अजून तसाच होतो. तिने मला काढून घेतलं आणि सवयीने हात ॲप्रनला पुसला. ॲप्रनवर लाल पट्टा उमटला. बिर्काच्या तोंडाला जखम नव्हती.

बिर्काने दोघांना थेट नेलं. इकडे नाही, तिकडे नाही, सरळ चरापाशी. पट्टा मांडीवर होता, पण आवळणारा हात सुटला होता. गेशेने बाबांच्या काखेत हात घातला. तिथे अजून ऊब होती.

"तासभर आधी पोचायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. दुसरं काय म्हणणार ते?

दफनाला सगळे शिकारी आले. त्यांनी शिंगं फुंकली, जशी शिकार संपली की फुंकतात, आणि गेशेने शिकाऱ्याचा शेवटचा मान म्हणून शवपेटीवर स्प्रूसच्या झाडाची मोडलेली डहाळी ठेवली. डेटमर टोपी हातात घेऊन तिच्यापाशी आले. "गेशे, मी हसलो नसतो तर..."

"तुम्ही हसलात," गेशे म्हणाली. "पाठ मी फिरवली."

त्यानंतर सहा वर्षं बिर्का जगली. तित्तिरं दाखवायची, बदकं आणायची. गेशे मात्र रोज संध्याकाळी मला खिळ्यावरून काढून गुडघ्यांवर बसे आणि तिच्या तोंडापुढे धरे. "घे ना गं. एकदा घे." कधी कलेजीचं सॉसेजही दुसऱ्या हातात असे. बिर्का मला हुंगायची. मग उठायची आणि हळूच पाठ फिरवून बसायची. गेशे वळसा घालून पुन्हा तिच्यासमोर जायची. बिर्का पुन्हा पाठ फिरवायची. शेवटच्या संध्याकाळपर्यंत तिने मला तोंडात घेतलं नाही.

पुढे गेशेने लोकांची बरीच कुत्री शिकवली. तिच्याकडे आलेल्या प्रत्येकाला ती आधी मला हातात देई आणि दातांच्या खुणांवर बोट फिरवायला लावी. मग सांगे, "कुत्र्याने नव्व्याण्णव वेळा फसवलं तरी शंभराव्या वेळी उठून त्याच्यामागे जायचं. फार तर काय होईल? बूट भिजतील."

आता लोक कुत्र्याच्या गळ्यात यंत्र बांधतात. कुत्री कुठे आहे ते हातातल्या पडद्यावर दिसतं. चांगलं आहे. माझी गरज उरली नाही आणि मला त्याचं दुःख नाही. माझं चामडं आता वाळून तडकलंय. गेशेआजी कधीमधी तेल लावते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्यापुढे कुणी येऊन बसलं, मग ते कुत्रं असो की माणूस, आणि गावात त्याचं नाव खोटारडं पडलेलं असो, तरी पाठ फिरवण्याआधी एकदा वाकून त्याच्या तोंडात काय आहे ते बघा. त्याला ते टाकून ओरडता येत नसेल.