सैल झाकणाची बरणी

मी एक जुना बोळा आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. नदीचे आत्मवृत्त असते, वडाचे असते, फाटक्या छत्रीचेही असते. बोळ्याचे कोणी लिहीत नाही. 'मी काय बोळ्याने दूध पितो का?' असे तुम्ही एकमेकांना ऐकवता, तेवढाच काय तो आमचा उल्लेख. तर सांगून ठेवतो, मी जन्मात दुधाचा थेंब चाखलेला नाही. मी स्पिरिट पितो, आणि त्यात विरघळवलेली लाख.

माझा जन्म जुन्या स्वेटरच्या बाहीतून झाला. गिटार बनवणाऱ्या एका कारागिरांनी ती बाही कापली, तिचा लिंबाएवढा गोळा केला आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून वरून पीळ दिला. खालची बाजू अशी ताणली की एक सुरकुती म्हणून राहिली नाही.

"सुरकुती राहिली तर लाकडावर ओरखडे उठतात," ते बायकोला म्हणाले.

"माझ्या कपाळावरच्या सुरकुत्यांची एवढी काळजी केली असतीत तर?" ती म्हणाली, आणि चहाचा कप ठेवून गेली.

ती बालवाडीत शिकवत असे. येणारेजाणारे सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाई गिटार वाजवून मुलांना गाणी शिकवायच्या. ती गिटार एका उन्हाळ्यात पाठीवर तडकली. दुकानातली दुसरी आणू म्हटल्यावर कारागिरांना राग आला. घरात गिटार बनवणारा नवरा असताना बाहेरची कशाला, नवी मी करतो, असे ते म्हणाले. मी आलो तेव्हा लाकूडकाम संपलेले होते. पुढची बाजू पॉलिश होऊन चकचकत होती. उरले होते फक्त पाठीचे आणि कडांचे पॉलिश. त्या 'फक्त'ने माझे आयुष्य खाल्ले.

त्याचे असे आहे. पाठीचे शिसवी लाकूड हाताला गुळगुळीत लागते, पण उजेडात तिरके धरले की त्यावर बारीक छिद्रेच छिद्रे दिसतात. झाड जिवंत असताना त्यांतून पाणी वर चढायचे. ती बुजली नाहीत तर पॉलिश आरशासारखे दिसत नाही. बुजवण्याचे काम माझे. टाचा घासायचा हलका दगड असतो ना, त्याची पिठासारखी पूड लाकडावर भुरभुरायची, मला स्पिरिट पाजायचे आणि गोल गोल फिरवायचे. पूड लाकूड घासते, लाकडाचा भुगा लाखेत मिसळतो आणि छिद्रांत जाऊन बसतो. मी चिकटू नये म्हणून अधूनमधून तेलाचा थेंब. थेंब म्हणजे थेंब. पहिल्याच दिवशी कारागिरांनी नमनालाच घडाभर तेल ओतले आणि पुढे त्याचे डाग वर आले, तेव्हा बोलणी मात्र मी खाल्ली.

फिरताना मध्येच थांबायचे नसते. थांबलात की चिकटलात, आणि सोडवायला गेलात की खालचे पॉलिश सालासकट निघाले. हात दुखला तरी फिरत राहायचे. आम्ही फिरलो. पाठ अशी झाली की कारागिरांनी तिच्यात बघून मिशी नीट केली. शेजारचा शिंपी आला, त्याने गिटारीची तारीफ केली, कारागिरांच्या हाताची तारीफ केली, लाकडाचीसुद्धा केली. मी तिथेच बाजूला होतो.

काम झाले की मला काचेच्या बरणीत ठेवत. बरणी म्हणजे माझे घर. झाकण घट्ट असेल तर मी आत ओला आणि मऊ राहतो. उघडे राहिले तर स्पिरिट उडून जाते आणि माझा दगड होतो. ती बरणी रोज दुपारी बाईच उघडून देत. कप ठेवत, झाकणाला एक हिसका देत आणि मला बाहेर काढून म्हणत, "घ्या तुमचा लाडका." त्या घरात माझ्याशी आदराने वागणारे ते एकच माणूस.

पण लाख वाळली की आक्रसते. थोडे दिवस गेले आणि बुजवलेल्या छिद्रांच्या जागी बारीक खळगे दिसू लागले. कारागिरांनी दिवा तिरका धरला, चष्मा कपाळावर चढवून नाक लाकडाला लावले आणि सुस्कारा टाकला. मग पॉलिशपेपर घेऊन सगळे खरवडून काढले. माझी इतक्या दिवसांची मेहनत पांढरी भुकटी होऊन जमिनीवर पडली आणि केरात गेली. पुन्हा पूड, पुन्हा स्पिरिट, पुन्हा गोल गोल. पुन्हा पाठ आरशासारखी, पुन्हा शिंपी, पुन्हा तारीफ. आणि पुन्हा एका सकाळी दिवा तिरका. ये रे माझ्या मागल्या.

"छिद्रान्वेषी शब्द पुस्तकात वाचला होता," बाई म्हणाल्या. "त्याच्याशी लग्न झालंय हे माहीत नव्हतं."

"एवढी पाठ झाली की तारा चढवतो," कारागीर म्हणाले.

"मागच्या वेळी पण हेच म्हणालात."

"अर्धवट काम तुझ्या हातात देऊ?"

 बाईंनी उजव्या हाताने डाव्या हाताची बोटे चोळली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते त्या घरात फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही. झाकण पूर्वी एका हिसक्यात उघडायचे. मग दोन हिसके लागू लागले. मग बाई पदराने धरून उघडू लागल्या. पुढे एके दिवशी बरणी मांडीत दाबून, दात खाऊन त्यांनी ते फिरवले, आणि मला बाहेर काढताना त्यांची बोटे माझ्याभोवती नीट मिटलीच नाहीत. सकाळी तर ती अधिकच आखडलेली असत. डॉक्टरांनी सांधे धरलेत असे सांगितले होते. बोटे वळतात तोवर ती चालवत राहा, असेही सांगितले होते. हे बाई शिंपिणीला सांगत होत्या, खिडकीपाशी, हळू आवाजात. कारागीर चार हातांवर बसले होते. त्यांना ऐकू आले नाही. ते छिद्रे बघत होते.

मला इतका संताप यायचा की सांगता सोय नाही. सुईच्या टोकाएवढे भोक ज्या डोळ्यांना दिसते, त्यांना बायकोची बोटे दिसू नयेत? मी मुद्दाम चिकटून पाहिले. त्यावर त्यांनी मलाच शिव्या दिल्या आणि माझे कापड बदलले.

शेवटी त्यांनी पुन्हा खरवडायचे ठरवले. पॉलिशपेपर हातात होता. मान वर न करता ते म्हणाले, "तेवढी बरणी उघडून दे गं."

बाईंनी बरणी घेतली. पदर लावून पाहिला, मांडीत धरून पाहिली. मग ती तशीच त्यांच्यापुढे, गिटारीच्या पाठीवर, ठेवली.

"घट्ट बसलंय का झाकण?" कारागिरांनी विचारले.

"झाकण सैलच आहे," बाई म्हणाल्या. "बोटं घट्ट झालीत."

कारागिरांनी झाकण फिरवले. ते लगेच उघडले. मग त्यांनी लाकडावर धरलेला दिवा उचलला आणि बाईंच्या हातांवर धरला. सुजलेली पेरे, वाकडी होऊ लागलेली करंगळी. खूप वेळ धरला.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"तुम्ही दुसऱ्यांदा खरवडलंत तेव्हापासून. तारा चढवा."

"पाठीवर अजून छिद्रं आहेत."

"पाठ माझ्या पोटाला लागणार आहे. पोटाला डोळे नसतात."

त्यांनी तारा चढवल्या. एक तार दोनदा निसटली. बाई खुर्चीवर बसल्या, गिटार मांडीवर घेतली आणि बालवाडीतल्या गाण्याचा पहिला सूर धरला. चार बोटे लागतात त्याला. तीन पोहोचली, करंगळी पोहोचली नाही. एक तार मुकी राहिली आणि भरल्या सुराच्या मधोमध छिद्र पडले. मला कळले, म्हणजे कारागिरांना कळलेच असणार. मी वाट बघत राहिलो. ते जमिनीवर बसून मान डोलवत होते.

"आणखी एकदा वाजव," ते म्हणाले.

आता बाई रोज वाजवतात. कधी करंगळी पोहोचते, कधी नाही. पाठीवरची छिद्रे तशीच आहेत. मी बरणीत असतो. दुपारी वाजवण्याआधी बाई मला काढतात आणि गिटारीवर एकदा फिरवतात. पण त्या दिवसापासून कारागीर झाकण फिरवून लावत नाहीत, नुसते वर टेकवून ठेवतात. स्पिरिट उडून जाते. माझ्या कडा कडक झाल्या आहेत, लवकरच मी पुरता दगड होईन, आणि याचा मला राग येतो, हे लपवत नाही.

म्हणून जाता जाता विनवतो, मित्रांनो. बोळा वापरून झाला की बरणीचे झाकण घट्ट लावत जा. फक्त लावण्याआधी एकदा बघा, ते उघडणारे हात कोणाचे आहेत.