कोचाच्या पोटातलं बाळ

मी कोच बोलतोय. आधीच सांगतो, माझा स्वभाव जळका आहे.

मनाची दुखणी बरी करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत मी असतो. मोठी माणसं माझ्यावर आडवी होऊन बोलतात. बाई माझ्या उशाशी खुर्चीत बसतात. ऐकता ऐकता त्यांची तंद्री लागते आणि बोटं माझ्या कडेचा सुटलेला धागा ओढत राहतात. मग त्या एखादंच वाक्य बोलतात, आणि भलाभला माणूस ढसाढसा रडतो. त्या धाग्याचा मला केवढा अभिमान!

मग ती आली. सात वर्षांची. धाकटा भाऊ झाल्यापासून तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

"घशात काही दोष नाही म्हणतात," तिची आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "शाळा म्हणते, दुसरीकडे घाला."

बाईंनी तिला खेळण्यांची पेटी दिली. इथं प्रत्येक मुलाची पेटी वेगळी, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि बाई चक्क माझ्याकडे पाठ करून फरशीवर! त्या दीडवीत पेटीपुढे मी कोणीच नाही? माझा नुसता जळफळाट झाला. मुलगी पेटीतलं बोटभर बाळ काढी, तळाशी कोंबी आणि झाकणावर बसे. तीन महिने हेच. मी मनात म्हणे, बरं करतेस, कोंड त्याला.

एक दिवस बाई मला टेकून बसल्या. तंद्री लागली, बोटं धाग्यावर आली. आणि एकाएकी त्या सरपटत माझ्याखाली शिरल्या!

"हे आपलं घर," त्या खालून म्हणाल्या. "इथं बाळाला यायचं नाही."

मुलगीही शिरली. मग एक घोगरा आवाज आला.

"तो रडेल."

"रडू दे की."

"नको. थंडी वाजेल त्याला."

तिनं बाळ आणलं आणि माझ्या पोटाच्या फाटक्या कापडात सरकवलं. "इथं झोप. माझ्याजवळ नाही हं. इथंच."

आता ती येत नाही. घरी भावाला रोज गोष्टी सांगते म्हणे. रोज! ऐकून माझ्या पोटात दुखतं.

उद्या मला नवं कापड चढवायला कारागीर येणार आहे. दादा, तो धागा काप हवं तर. पण आतल्या बाळाला हलवू नकोस. तिनं ते मला सांभाळायला दिलंय, पेटीला नाही.