अण्णांचा अंगठा

अण्णांना विजेवर लाकडाच्या कडा तासणारा राउटर शिकवायचा म्हणजे वाघाला भाजी खायला लावण्यापैकी होतं, आणि हे काम फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्या त्यांच्या थोरल्या लेकीनं अंगावर घेतलं होतं. तिला दुसरा इलाजच नव्हता. जन्मभर सुतारकाम करून अण्णांचा खांदा गेला होता. रंधा मारणं बंद, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून ते घरात बसून आईच्या डोक्यावर मिरे वाटत होते. भाजी जाड चिरली, दार नीट लागत नाही, पंखा आवाज करतो. शेवटी आईनं लेकीला फोन केला. "यांना तुझ्या कारखान्यात घेऊन जा बाई, नाहीतर मी वेडी होईन. पण माणूस जसाच्या तसा परत आण हं."

जसाच्या तसा. इथंच खरी मेख होती.

अण्णांना जन्मभराची एक खोड होती. रंध्याचा हात मारला की लगेच उजव्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवायचा. कुठं उंचवटा राहिलाय, कुठं खड्डा पडलाय, सगळं त्या अंगठ्याला कळायचं. डोळ्यांवर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता. रंध्याशी हे चालून जातं, रंधा काही आपण होऊन धावत नाही. राउटरच्या टेबलावर मात्र मधोमध वर आलेलं पातं इतक्या वेगानं फिरतं की ते फिरतंय हेही दिसत नाही. तिथं तो अंगठा एकदाच फिरला असता.

म्हणून थोरलीनं तयारीत काही बाकी ठेवलं नव्हतं. खुर्चीच्या मागच्या वाकड्या पायासाठी तिनं जाड प्लायचा फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, कापला होता, चांगला लांबरुंद. त्यावर पायाचं लाकूड शिकंज्यांनी घट्ट आवळायचं. लाकूड आधीच करवतीनं कापून आणलेलं, रेषेबाहेर जेमतेम सूतभर ठेवून, म्हणजे पात्याला फार खावं लागू नये. पात्याखालचं बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकून फिरणार आणि वरचं लाकूड हुबेहूब फर्म्यासारखं होणार. फर्म्यावर तिनं दोन मुठी बसवल्या, पात्यापासून चांगल्या दूर. दोन्ही हात तिथंच. आणि एवढ्यावरही समाधान झालं नाही म्हणून पात्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकचं झाकण.

"हे काय, नवरीसारखं तोंड झाकलंयस याचं?" अण्णा म्हणाले.

"असू दे. त्याची नजर वाईट आहे."

अण्णा खुदकन हसले. त्यांनी चष्मा घातला, कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवले. सदऱ्याच्या बाह्या लेकीनं कोपरावर दुमडून दिल्या.

"आधी फर्मा टेबलावरच्या या खुंटीला टेकवा, मग हळूच पात्याकडे न्या. ते फिरतंय त्याच्या उलट दिशेनं सरकवायचं, नाहीतर हातातून लाकूड ओढून नेईल. आणि मुठी सोडायच्या नाहीत. काही झालं तरी."

"माझी मास्तरीण होऊ नकोस."

थोरलीनं यंत्र सुरू केलं आणि लाल बटणावर हात ठेवून समोर उभी राहिली. अण्णांनी फर्मा खुंटीला टेकवला, पात्याकडे वळवला. भुसा उडायला लागला. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हात बघण्यासारखा होता. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. लाकडाची कड लोण्यासारखी साफ होत चालली होती. तिला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

तेवढ्यात उजवी मूठ सुटली.

अण्णांना पत्ताही नव्हता. त्यांची नजर डाव्या हाताकडे होती आणि अंगठा आपल्या नादात नव्या कडेकडे निघाला होता. थोरलीनं ते पाहिलं. ओरडायची सोय नव्हती; दचकले असते तर दुसराही हात गेला असता. तिनं बटण दाबलं. पण बटण दाबलं म्हणून पातं लगेच थांबत नाही, ते आपल्या गुर्मीत गरगरत राहतं. ती नुसती बघत राहिली.

अंगठा झाकणावर आपटला.

पातं घरघरत थांबलं. अण्णांनी कानांवरचे इअरमफ काढले. "बंद का केलंस? चांगलं चाललं होतं की."

"अण्णा, हात बघा तुमचा कुठं आहे."

अण्णांनी बघितलं. अंगठा अजून झाकणाला टेकलेला होता, आणि प्लास्टिकपलीकडे दोन बोटांवर पातं.  मग त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हातात धरला.

"हा माझं ऐकत नाही गं," ते म्हणाले.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच स्टुलावर बसली. आईशी आता फोनवर हसत बोलता येईल, एवढंच तिच्या मनात येत होतं.

"उरलेले पाय तू कर," अण्णा म्हणाले. "मी घरी जातो."

सकाळपासून तिला हेच ऐकायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून तिला ते ऐकवेना. त्या अंगठ्याच्या जिवावर हा माणूस उभा राहिला होता, आणि त्याच अंगठ्याची त्यांना आता भीती वाटत होती.

"घरी जाऊन आईचा पंखा दुरुस्त करणार का?" ती म्हणाली. "अण्णा, तुम्हाला कड चाचपायचीच आहे ना? मग नुसतं 'थांब' म्हणा. लाकूड मागे घ्या, मी बंद करते. पातं पुरतं थांबलं की खुशाल अंगठा फिरवा. मग पुढं."

"असं दर वितीला थांबायचं?"

"दर बोटाला थांबा. मला कुठं गाडी पकडायचीय?"

दुसरं लाकूड आवळलं. यंत्र सुरू झालं. अण्णांनी मुठी इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांची पेरं पांढरी पडली होती. फर्मा सरकत वाकणाशी आला. उजवा अंगठा मुठीवर वळवळला, थोरलीनं स्पष्ट बघितलं.

"थांब!" अण्णा मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी फर्मा मागे घेतला.

तिनं बटण दाबलं. दोघंही पात्याकडे बघत राहिले. ते हळूहळू मंद झालं, त्याच्या धारा दिसायला लागल्या, मग ते एका जागी उभं राहिलं. अण्णांनी तरी मूठ सोडली नाही. त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"लावू?" त्यांनी विचारलं.

लाकडाला हात लावायला अण्णांनी उभ्या जन्मात कुणाची परवानगी मागितली नव्हती. 

"लावा, अण्णा," ती म्हणाली.